अठरा पदार्थ आणि साठ हजार रुपये

पत्र : मी कराड तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४१. गेली सहा वर्षे उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना देते आणि आता त्यांच्या ओळखीचे लोकही मागू लागले आहेत. यंदा रीतसर व्यवसाय सुरू करायचा आहे. साठवलेले ६०,००० रुपये आहेत आणि मदतीला जाऊ आहे. मसाला, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, तीन प्रकारची लोणची, पापड, कुरडया, सांडगे, चटण्या, दिवाळीचा फराळ असे एकूण अठरा पदार्थ योजले आहेत, कारण लिज्जतवाल्या बायकासुद्धा पापडापासून कपड्यांच्या साबणापर्यंत सगळे करतात. मसाला ४५० रुपये किलोने देते. सामानाला ३९४ रुपये पडतात, म्हणजे किलोमागे ५६ रुपये सुटतात. शेजारच्या गावातला बचत गट मात्र ४२० ला विकतो. त्यामुळे ‘महाग आहे’ म्हणणाऱ्यांसाठी हलक्या मिरचीचा स्वस्त मसालाही ठेवावा का? शिवाय एक ओळखीचा मुलगा नाव, बोधचिन्ह आणि इन्स्टाग्रामचे सहा महिन्यांचे काम २५,००० रुपयांत करून देतो म्हणतो. काय करावे?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सोबत जोडलेला वहीचा कागद. दहा किलो मिरचीच्या एका घाण्याला काय काय लागले आणि त्यातून किती मसाला निघाला, हे तुम्ही पैशापर्यंत लिहिले आहे. या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत उत्साह भरपूर असतो आणि आकडा एकही नसतो. त्यामुळे आधी किमतीबद्दल बोलू. पदार्थ कोणते निवडायचे आणि ते विकायचे कसे, ही दोन्ही उत्तरे त्या हिशेबातूनच निघणार आहेत.

तुमच्या कागदाप्रमाणे ब्याडगी ५ किलो (३२० रुपये दराने १,६००), संकेश्वरी ३ किलो (५०० दराने १,५००) आणि लवंगी २ किलो (२५० दराने ५००), अशी मिरची ३,६०० रुपयांची. कांदा, लसूण, सुके खोबरे, धणे, तीळ, जिरे, खडा मसाला, आले, कोथिंबीर, मीठ आणि तेल मिळून २,७००. एकूण सामान ६,३०० रुपयांचे आणि तयार मसाला १६ किलो. भागाकार बरोबर आहे, किलोला ३९४ रुपयेच येतात. चूक भागाकारात नाही, त्याच्या आधीच्या बेरजेत आहे. ज्या गोष्टींची पावती मिळाली तेवढ्याच तुम्ही धरल्या आहेत.

कागदाच्या मागच्या बाजूला तुम्हीच बारीक अक्षरात लिहून ठेवलेले खर्च आता पुढच्या बाजूला आणू. डंकावर, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्रावर, कुटून घेण्याचे किलोला ४० रुपये, म्हणजे ६४० रुपये. गॅस १६० रुपये. गडहिंग्लजला जाऊन मिरची आणण्याचे भाडे आणि हमाली एका घाण्याच्या वाट्याला ३२० रुपये. अर्ध्या किलोची पिशवी आणि तिच्यावरची चिठ्ठी यांचे १४ रुपये धरले, तर बत्तीस पिशव्यांचे ४४८ रुपये. आणि मजुरी. देठ काढणे, उन्हात घालणे, कांदा चिरून वाळवणे व तळणे, भाजणे, डंकावर थांबणे, चाळणे आणि भरणे यांत तुमचे व जाऊबाईंचे मिळून २२ तास जातात असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या गावात खुरपणीला सात तासांचे ३५० रुपये मिळतात, म्हणजे तासाला ५० रुपये. त्या दराने ही मजुरी १,१०० रुपये होते. मिरची भाजताना ठसका लागून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या कामाला खुरपणीइतकाच दर धरणे मला कमीच वाटते, पण सुरुवातीला तेवढाच धरू.

सगळे मिळून ८,९६८ रुपये झाले. सोळा किलोंनी भागले की किलोला साधारण ५६० रुपये ५० पैसे पडतात. सोळा किलो ४५० ने विकून हातात येतात ७,२००. म्हणजे प्रत्येक घाण्याला १,७६८ रुपयांचा तोटा. ‘घरचेच काम आहे, त्याची कसली मजुरी’ असे म्हणून ती पूर्ण सोडून दिली, तरीही ६६८ रुपये पदरचे जातातच. सहा वर्षे हे तुमच्या लक्षात आले नाही याचे कारण एवढेच की मिरचीचे पैसे मार्चमध्ये एकदम जातात, डंकाचे नंतर सुटे सुटे जातात, आणि मसाल्याचे पैसे वर्षभर थोडे थोडे येत राहतात. येणारा पैसा डोळ्यांसमोर असतो आणि गेलेला विसरला जातो.

यात आणखी एक खर्च मिळवायचा आहे. वाटलेले नमुने, फुटलेल्या पिशव्या, पावसाळ्यात गुठळ्या होऊन परत आलेला एखादा पुडा यांसाठी पाच टक्के धरा. म्हणजे तुमचा खरा पडता भाव किलोला सुमारे ५९० रुपये झाला.

आता विक्रीची किंमत. येथे बहुतेक नवे व्यावसायिक अडखळतात, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा. तुम्ही म्हणाल, ५९० वर २० टक्के नफा लावू आणि ७०८ रुपये ठेवू. थेट ग्राहकाला विकत आहात तोवर हे ठीक चालते. पण उद्या कराडच्या किंवा पुण्याच्या एखाद्या दुकानदाराने ‘माझे २० टक्के’ म्हटले, तर तो ते टक्के तुमच्या खर्चावर मोजत नाही, छापील किमतीवर मोजतो. ७०८ चे २० टक्के म्हणजे १४१ रुपये ६० पैसे. ते वजा जाता तुमच्या हातात येतात ५६६ रुपये ४० पैसे, म्हणजे पडत्या भावापेक्षाही २३ रुपये ६० पैसे कमी. वीस टक्के चढवले आणि वीस टक्के उतरवले तर बरोबरी होत नाही, घाटाच होतो. दुकानदाराला २० टक्के देऊन ५९० हातात यायचे असतील, तर छापील किंमत ७३८ च्या खाली नेता येत नाही.

आज तुम्हाला दुकानात माल ठेवायचा नसला तरी किंमत ठरवताना दुकानदार हिशेबात धरावा, असे माझे ठाम मत आहे. आज ६२० छापून उद्या दुकानासाठी ७६० केले, तर जुने ग्राहक विचारतात की चार महिन्यांत असे काय घडले, आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसते. म्हणून यंदाच्या मिरचीच्या भावाला अर्ध्या किलोची किंमत ३८० ठेवा. पाव किलोची २०० ठेवा, कारण लहान पुड्याला पिशवी, चिठ्ठी आणि भरण्याची मेहनत दर किलोमागे जास्त पडते. किलोला ७६० या हिशेबाने थेट विक्रीत तुम्हाला साधारण १७० रुपये सुटतील आणि दुकानामार्फत फक्त १८. पहिल्या वर्षी दुकानांच्या मागे लागू नका, हे या दोन आकड्यांवरून वेगळे सांगायला नको.

किंमत वर्षातून एकदाच ठरवा, मिरचीची खरेदी झाल्यावर. ब्याडगीला रंगासाठी मागणी असते, रंगद्रव्य काढणारे कारखानेही ती उचलतात, त्यामुळे तिचा भाव तुमच्या-माझ्या हातात नाही. ब्याडगी किलोला १०० रुपयांनी वाढली, तर तुमच्या प्रमाणात मसाल्यावर किलोमागे सुमारे ३१ रुपयांचा बोजा पडतो. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. भाव वाढला की घाबरून ७० रुपये चढवायचे नाहीत आणि संकोचाने शून्यही ठेवायचे नाही, ३० चढवायचे.

बचत गटाचा ४२० चा मसाला तुम्हाला टोचतो आहे, ते स्वाभाविक आहे. त्या भगिनींच्या घाण्यात कोणती मिरची आहे आणि मजुरी धरली आहे का, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. कदाचित त्यांचा हिशेब तुमच्याच जुन्या हिशेबासारखा असेल. ज्याचा खर्च आपल्याला ठाऊक नाही त्याची किंमत समोर ठेवून आपली किंमत ठरवणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचण्यासारखे आहे. ४२० ला घेणारा ग्राहक त्यांच्याकडे जाऊ द्या.

आणि म्हणूनच हलक्या मिरचीचा स्वस्त मसाला ठेवू नका. तुम्ही लिज्जतचे उदाहरण दिलेत, तर त्यांचीच एक जुनी गोष्ट सांगते. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनीही दोन प्रतींचे पापड केले होते, एक चांगला आणि एक स्वस्त. त्यांना पैसे देणाऱ्या छगनलाल पारेखांनी प्रत एकच ठेवायला आणि तिच्याशी तडजोड न करायला सांगितले. साबण वगैरे पुष्कळ नंतरचे. सुरुवातीची बरीच वर्षे तिथे पापड एके पापड होता. तुमच्या बाबतीत तर अडचण आणखी मोठी आहे, कारण दोन्ही मसाले लाल दिसणार, दोन्हींवर तुमचेच नाव असणार आणि ज्याच्या घरी स्वस्त पुडा जाईल त्याच्या पाहुण्याला तीच तुमची चव वाटणार. ‘महाग आहे’ म्हणणाऱ्याला पाव किलोचा पुडा द्या. तोच मसाला, फक्त कमी पैशांत.

आता अठरा पदार्थांकडे येऊ. कोणता पदार्थ चांगला जमतो, एवढाच प्रश्न विचारून तुम्ही ही यादी केली आहे आणि सगळेच जमत असल्याने ती अठरापर्यंत गेली. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : या पदार्थात माझा पैसा किती दिवस अडकून राहील? मसाल्याची मिरची जानेवारी ते एप्रिल या काळात चांगली मिळते, मृगाच्या आधी सगळे कुटून भरून व्हावे लागते आणि विक्री पुढच्या वर्षापर्यंत चालते. म्हणजे मार्चमध्ये घातलेल्या रुपयातला शेवटचा भाग फेब्रुवारीत परत येतो. तुमच्या ६०,००० पैकी नोंदणी, तराजू, डबे आणि चिठ्ठ्यांची छपाई यांना १०,००० ठेवा आणि आणखी १०,००० ला हातच लावू नका. उरलेल्या ४०,००० मध्ये ८,९६८ चे चार घाणे बसतात, म्हणजे ६४ किलो. पाचवा बसत नाही. सगळा माल थेट विकला गेला तर १०,८८० रुपये सुटतील आणि ४,४०० रुपये तुम्हा दोघींची मजुरी मिळेल. पहिल्या वर्षाचे चित्र हे एवढे आहे. यातून घर चालणार नाही. पण वर्षाच्या शेवटी भांडवल शाबूत असेल आणि नेमके किती लोक पुन्हा मागतात ते कळलेले असेल.

ज्या धंद्यात पैसाच एवढा आखडलेला आहे, तिथे लोणच्याच्या बरण्या, पापडाची लाटी आणि फराळाचे तूप कुठे बसवणार? पापड-कुरडया उन्हावर अवलंबून असतात, वाटेत मोडतात आणि वजनाच्या मानाने जागा फार खातात. लोणच्याचे तेल पाझरले की कुरिअरवाला दुसऱ्यांदा पार्सल घेत नाही. फराळाचे पंधरा दिवस असतात, त्या पंधरा दिवसांत गावोगावच्या सगळ्याच सुगरणी बाजारात उतरतात आणि उरलेली चकली आठवडाभरात खवट लागू लागते. गोडा मसाला चांगला पदार्थ आहे, पण तुमचा आजचा ग्राहक सातारा-सांगली-कोल्हापूरकडचा आहे आणि त्याच्या घरात रोजच्या आमटीला कांदा-लसूणच लागतो. चटण्यांत शेंगदाण्याचे तेल सुटते, त्यांचा विचार दुसऱ्या वर्षी करा.

यादीतला एक पदार्थ मात्र मी आग्रहाने ठेवीन, तो म्हणजे थालीपिठाची भाजणी. तिची धान्ये बारा महिने मिळतात, पाच-सहा किलोंचा लहान घाणा करता येतो, भाजून गिरणीतून आणली की महिन्याभरात विकून पैसा परत हातात येतो आणि तोच पैसा पुन्हा फिरतो. दोन-तीन महिन्यांत तिचा वास उतरतो हा दोष खरा, पण त्यामुळेच ती थोडी थोडी करावी लागते आणि ग्राहकाशी दर महिन्याला बोलायला निमित्त मिळते. मसाल्यात वर्षभर अडकलेला रुपया आणि भाजणीत महिन्याला फिरणारा रुपया अशी जोडी तुमच्या भांडवलाला झेपेल. कोरडे पदार्थ, एकच प्रकारची पिशवी, एकच ग्राहक. भाजणीचा पडता भाव वर मांडला तसाच मांडा, भाजायला लागणाऱ्या तासांसकट.

परवान्यांबद्दल तुम्ही एका ओळीत विचारले आहे, मीही थोडक्यात सांगते. अन्नपदार्थ विकायचे तर घरातून विकले तरी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते. लहान उद्योगासाठी ती ऑनलाइन होते, शुल्क किरकोळ असते आणि मिळणारा १४ अंकी क्रमांक प्रत्येक पुड्यावर छापावा लागतो. त्याखेरीज पदार्थाचे नाव, प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, घाण्याचा क्रमांक, तुमचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. भाजणीत गहू असतो, तो काहींना सोसत नाही, म्हणून त्याचा उल्लेख वेगळा करा. वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, वैधमापन खात्याची मोहर असलेलाच तराजू घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून होणारी सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. वस्तूंच्या विक्रीत महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, पण माल परराज्यात विकला की ही सवलत राहत नाही, आणि तुमचे काही नातेवाईक बेळगावात आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० साली काढलेल्या योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवले होते, ती अजून चालू आहे का याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करता येईल. पण ६४ किलो मसाल्यासाठी स्वतःचा डंक घेऊ नका. अनुदान मिळाले तरी ३५ टक्के, उरलेले कर्ज आपले असते.

आता विक्री. त्या मुलाला २५,००० देऊ नका. तो वाईट काम करील असे नाही, पण त्या पैशांत तुमचे जवळजवळ तीन घाणे होतात आणि ६४ किलो माल खपवायला हजारो अनोळखी डोळ्यांची गरजच नाही. साधा हिशेब करा. तुमच्या अनुभवाने चार माणसांच्या घराला अर्धा किलो मसाला साधारण दोन महिने पुरतो, म्हणजे एका घराला वर्षाला तीन किलो. चौसष्ट किलोंना बावीस घरे पुरतात. फक्त ती बावीस घरे पुन्हा पुन्हा घेणारी हवीत, आणि ती इन्स्टाग्रामवर शोधण्यापेक्षा तुमच्याच नातेवाइकांच्या शेजारी शोधणे सोपे आहे.

त्यासाठी नमुन्याच्या पुड्या करा. वीस ग्रॅमची पुडी एका वेळच्या आमटीला किंवा भाजीला पुरते, आणि मसाला डोळ्यांनी पारखता येत नाही, तो शिजवूनच कळतो. शंभर पुड्यांना दोन किलो मसाला लागतो, म्हणजे पडत्या भावाने ११८० रुपयांच्या आत-बाहेरचा खर्च, आणि तो आपण पाच टक्क्यांत आधीच धरला आहे. तुमची बहीण कोथरूडला आणि दीर पिंपरीला राहतो असे तुम्ही लिहिता. दोघांच्या इमारतींत मिळून पन्नास घरांत पुड्या जाऊ द्या, त्यातही ज्यांचे गाव आपल्याकडचे आहे अशा घरांत आधी. पुडीवर तुमचा फोन नंबर हवा आणि मिरचीची नावे हवीत. ‘घरगुती’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ हे शब्द सगळेच छापतात, ते वाचून कोणी थांबत नाही. ‘ब्याडगी, संकेश्वरी आणि लवंगी. डंकावर कुटलेला. वरून रंग नाही.’ एवढे लिहा. आपल्याकडच्या बाईला यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ कळतो, आणि ७६० चा दर का आहे तेही कळते. नावासाठीही फार खोलात जाऊ नका. ‘आईची चव’ छापाची नावे इतकी झाली आहेत की पुन्हा मागताना ग्राहक नेमके तुमचेच नाव विसरतो. आडनाव किंवा गावाचे नाव ठेवा.

पुडी दिल्यावर आठ दिवसांनी फोन करायचा आणि ‘कसा वाटला’ एवढेच विचारायचे. पुडा विकल्यावर वहीत तारीख लिहायची आणि अर्धा किलो नेलेल्या घराला पन्नास दिवसांनी निरोप पाठवायचा. लोकांना मसाला आवडत नाही म्हणून ते पुन्हा घेत नाहीत, असे क्वचितच घडते. संपतो त्या दिवशी घाई असते आणि खालच्या दुकानातून कोणता तरी आणला जातो. तुमचा निरोप त्या दिवसाच्या आधी पोचला पाहिजे, यापेक्षा मोठी जाहिरात मला ठाऊक नाही. अर्ध्या किलोसाठी वेगळे कुरिअर करू नका, सुटलेले पैसे त्यातच जातील. महिन्यातून एकदा एकच खोका बहिणीकडे पाठवा आणि लोकांना तिथून नेऊ द्या. बहिणीला या कामाचे पुड्यामागे दहा रुपये द्या, ती नको म्हणाली तरी.

कराडला नोव्हेंबरअखेरीस यशवंतराव चव्हाणांच्या नावाने भरणाऱ्या कृषी प्रदर्शनात गाळा घ्यायचा का, हे तुम्ही विचारले आहे. यंदा नको. नोव्हेंबरपर्यंत तुमच्याकडे प्रदर्शनापुरता माल उरणार नाही, आणि उरला असेल तर त्याचा अर्थ वेगळा निघतो. एकदा ग्राहक म्हणून मात्र नक्की जा, लोक कोणत्या वजनाचा पुडा उचलतात ते उभे राहून पाहा.

दुकानांबद्दल माझाच एक अनुभव सांगते. वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी मैत्रिणी नाचणीचे सत्त्व करत होतो. शहरातल्या एका मोठ्या दुकानाने साठ पुडे जांगड ठेवून घेतले, विकतील तसे पैसे देऊ म्हणाले. आम्हाला ते मोठे यश वाटले. पाच महिने आम्ही एस.टी.चे भाडे खर्चून पैसे मागायला जात होतो, शेवटी चौतीस पुडे मुदत संपल्यावर परत मिळाले आणि उरलेल्यांचे पैसे तुकड्यातुकड्याने. दुकानदार लबाड नव्हता, जांगड मालाची त्याला घाई नव्हती इतकेच. तुम्हाला कोणी दुकानात ठेवा म्हटले तर सहा पुडे द्या, रोखीने किंवा फार तर पंधरा दिवसांच्या उधारीने, आणि ते विकले गेल्यावरच पुढचे सहा.

आता तुमच्या हातात असलेले दोन महिने. पत्र डिसेंबरात लिहिले आहे, मिरचीचा हंगाम तोंडावर आहे. जानेवारीत जुन्या सगळ्या ग्राहकांना नवा दर कळवा आणि सोबत कारणही कळवा, मी वर मांडला तेवढा हिशेब सांगायला हरकत नाही. फेब्रुवारीत आगाऊ मागणी घ्या. जो निम्मे पैसे आधी देईल त्याला अर्धा किलो ३८० ऐवजी ३६० ला द्या. पुण्या-मुंबईत गच्ची नाही, डंक नाही, म्हणून वर्षाचा मसाला सांगून करून घेणारी घरे असतात, त्यांना आगाऊ पैसे देण्यात काही वावगे वाटत नाही. सोळा किलोंची अशी आगाऊ मागणी जमली, तर ५,७६० रुपये हाती येतात आणि वर बसत नव्हता तो पाचवा घाणा तुमच्या उरलेल्या चार हजारांची भर घालून बसतो. जाऊबाईंची मजुरी मात्र घाणा झाला त्याच आठवड्यात रोख द्या. ‘विकल्यावर बघू’ म्हटले की पुढच्या उन्हाळ्यात मदतीला हात मिळत नाहीत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात लिहिला आहे : नणंद दरवर्षी पाच किलो नेते, तिला ७६० कसे सांगू? नका सांगू. तिला ४५० नेच द्या, सहा वर्षांचे नाते आहे. पण त्या दिवशी वहीत पाच किलोंची विक्री ७६० ने लिहा आणि खाली किलोला ३१० प्रमाणे १,५५० रुपये ‘आहेर’ म्हणून खर्ची टाका. वर्षाअखेरीला आहेराच्या रकान्याची बेरीज किती होते ते मला जरूर कळवा.